कोऱ्या पानावरचे सारस

मी एकदा दोन सारसांचं लग्न लावलं आणि त्यापायी एका बाईची बांधी गेली. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं वावर, चारी बाजूंनी बांध घातलेलं. पाणी त्यातच उभं राहतं, आणि ज्याच्याकडे बांधी त्याच्या घरी वर्षाचा भात. लग्न मी कागदावर लावलं होतं. मुहूर्त होता, मंगलाष्टकं होती, बेडकांचं वाजंत्री होतं, तलावाकाठी वऱ्हाड उतरलं होतं. फक्त जी बातमी त्या कागदावर लिहायची होती ती तेवढी नव्हती.

नातवंडांना ही गोष्ट मी सारसांपर्यंतच सांगत आले. ती पोट धरून हसतात आणि मी पानाला चुना लावायच्या निमित्तानं उठून जाते. पुढचं आता लिहूनच टाकते. बोलायला गेले की माझी जीभ अजूनही गंमतीकडेच वळते, तिला ती खोडच आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. माझं माहेर गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरचं आणि सासर कामठ्याच्या पलीकडचं एक खेडं. माहेरी मी मराठी चौथी पास झाले होते, आणि ती चौथी मी सासरी अशी मिरवत आणली जशी दुसऱ्या मुली चांदीचे तोडे आणतात. भात माझा कच्चा राहायचा, वरण करपायचं, शेण कालवायला हात घालायच्या आधी मी डोळे मिटून घ्यायची. पण मला वाचता येत होतं. हे मी कुणी न विचारता सांगायची. विचारत कुणी नव्हतंच. गावातल्या बाया "मी जातो, मी करतो" असं बोलत, आमच्या भागात बाया असंच बोलतात. चौथी पास बाईसाहेब ते मनातल्या मनात सुधारून घेत आणि स्वतःवर खूश होत.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गोंदियाहून निघणारं एक साप्ताहिक घ्यायचे. साप्ताहिक आपलं नावाला, निघायचं जमेल तेव्हा. एका धानगिरणीच्या मागे एक खोली, त्यात पायानं चालवायचं छापयंत्र, आणि पूर्वी शाळामास्तर असलेले एक संपादक. पहिल्या पानावर तांदळाचे आणि तेंदूपत्त्याचे भाव, गोंदियाच्या व्यापाऱ्यांसाठी अर्धा रकाना हिंदी, आत नागपूर-मुंबईच्या पत्रांतून कात्रीनं कापून घेतलेल्या बातम्या, केसांच्या तेलाची एक जाहिरात. आणि चौथं पान कोरं.

हे कोरं पान कशासाठी, ते संपादक एकदा आमच्या ओसरीवर बसून मामंजींना सांगत होते. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. हातात ताक घुसळायची रवी होती, पण ताक आत स्वयंपाकघरात होतं.

"अमेरिकेत पहिलं वर्तमानपत्र निघालं ते असंच होतं," संपादक म्हणाले. "तीन पानं छापलेली, चौथं कोरं. घेणाऱ्यानं वाचायचं, आपल्याकडची बातमी त्या पानावर लिहायची, आणि कागद पुढच्या गावी धाडायचा."

"मंग काय झालं त्या कागदाचं?" मामंजींनी विचारलं.

"एकच अंक निघाला. सरकारची परवानगी नव्हती. बंद पाडलं."

"मंग तुमी काऊन त्याच्याच वाटेनं जाऊन राहिले?"

संपादक हसले. म्हणाले, परवानगी मी आधीच काढली आहे. मग त्यांनी बरंच काही सांगितलं. त्या देशात पुढे गावोगावी छोटी छोटी पत्रं निघाली. कित्येक ठिकाणी छापणाराच गावचा टपालवाला असायचा. संपादक एकमेकांना आपापला अंक पाठवत, आणि ज्याला जे आवडेल ते तो कापून आपल्याकडे छापे. जंगलातल्या एका वस्तीची बातमी अशी कापत-छापत दुसऱ्या टोकाला पोचायची. "तिकडे घोड्यावरून जात होती," ते म्हणाले, "आपल्याकडे छोटी लाईन आहे."

मला अमेरिका कलकत्त्याच्या पुढे दोन-तीन स्टेशनांवर असावी असं वाटलं होतं. त्या दिवशी ताक झालं नाही, एवढं नक्की आठवतं. मामंजी पुढे एकदा छापखान्यात जाऊन आले आणि घरी सांगत होते की चौथं पान भरायला त्या माणसाकडे खिळेच पुरत नाहीत. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. दोन्ही कारणं खरी असतील. खिळे कमी असले म्हणून माणसानं अमेरिकेचा विचार करू नये असं थोडंच आहे.

तर आमच्या अंकाचा प्रवास असा व्हायचा. मामंजींचं वाचून झालं की कोऱ्या पानावर गावची बातमी लिहायची. बाजाराच्या दिवशी आमची बैलगाडी गोंदियाला जायची. तिथे स्टेशनाबाहेर एक मुरमुरेवाला बसायचा, त्याच्या हाती अंक द्यायचा. तो छोट्या लाईनच्या आगगाडीनं बालाघाटकडे मँगनीजच्या खाणींवर मुरमुरे विकायला जायचा. खाणींपाशी एक चहाचा ठेला होता. आमच्या भागातली जी माणसं खाणीत कामाला गेली होती ती सुट्टीच्या दिवशी तिथे जमायची, आणि ठेलेवाला कोऱ्या पानावर लिहिलेलं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. परत येताना मुरमुरेवाला तो कागद संपादकांना नेऊन द्यायचा. गावोगावच्या अशा कागदांतून त्यांना आवडलेली एखादी बातमी पुढच्या अंकात छापून यायची.

सुरुवातीला मामंजी स्वतः लिहायचे. "पाऊस नाही. तलावात पाणी कमी." झालं पान. मग त्यांची नजर कमी झाली आणि काम माझ्याकडे आलं. आता माझ्या डोक्यात काय शिरलं असेल ते समजून घ्या. मी टाक कानावर ठेवून चुलीपाशी बसायची.

"लिवा, लिवा," सासूबाई म्हणायच्या. "तिकडं दूध उतू जाऊन राहिलं, थे बी लिवा."

मला छापून यायचं होतं. बिरसीकडच्या कुणी एकानं दोन तोंडांच्या वासराची बातमी लिहिली होती, ती छापून आली. अख्खा चौकोन, वर काळी रेघ, खाली काळी रेघ. मला त्या वासराचा राग आला. आमच्या गोठ्यातल्या वासरांना एकेकच तोंड. मी रोज सकाळी जाऊन पाहायची.

आमच्या समोरच्या घरी एक बाई राहायची. तिला मी मावशी म्हणायची. नातं काही नव्हतं, पण सासरी आल्या दिवशी माझा कच्चा भात तिनंच गुपचूप पुन्हा शिजवून दिला होता. जीभ तिखट, हात सढळ. धान कापून झाल्यावर तिचा नवरा खाणीत गेला होता. दोन लेकरं आणि ती, एवढंच घरात. मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, एक बांधी ते करायला घेत. ती बांधी आमच्या वावराला लागूनच होती.

वैशाखात एक दिवस दुपारी ती तेंदूची पानं तोडून आली ती थेट आमच्या ओसरीवर. हात हिरवे-काळे झालेले.

"सूनबाई, तुमच्या कागदात माह्यं एक लिवतेस काय?"

"काय लिहू, मावशी?"

"लिव का, पऱ्हे टाकाच्या आधी घरी ये. काम हाये."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. मृगात ती एका कोपऱ्यात टाकतात आणि मग उपटून बांधीभर रोवतात.

"एवढंच?"

"एवढंच. गावाचं नाव टाक. आपल्या गावचा तिथं तो एकलाच हाये, त्याले समजते."

"पत्र का नाही पाठवत?"

"कोन्या खानीत हाये थे मले का मालूम? त्या चाहाच्या ठेल्यावर येते म्हन्ते. तिथं तुमचा कागद वाचतेत ना?"

मी म्हटलं, वाचतात. मग ती बसली आणि तिनं बाकीचं सांगितलं. मालगुजाराचा दिवाणजी येऊन गेला होता. घरात गडी नाही तर बांधी कोण करणार, असं त्याचं म्हणणं. पऱ्हे टाकायच्या आत नवरा आला तर बांधी तुझी, नाही तर दुसऱ्याला. "मी करतो म्हनलं मी," मावशी म्हणाली. "नांगर बी धरतो. तर तो हासला."

हे सगळं मी ऐकलं. नीट ऐकलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते आणि माझे कान तेव्हा उत्तम होते. मी "हो, हो, लिहिते" म्हटलं. आणि ती गेल्यावर त्या दीडशहाण्या पोरीनं विचार केला की यात बातमी कुठे आहे? घरी ये. हे काय छापण्यासारखं आहे? घरी ये असं तर प्रत्येकाला प्रत्येक जण म्हणतं.

त्यातच आदल्या दिवशी संध्याकाळी मी तलावावर सारस पाहिले होते. एक जोडपं. नर मान आभाळाकडे करून ओरडायचा, मादी त्याला साथ द्यायची, मग दोघं पंख पसरून उड्या मारायची. काठावरचं गवत उपटून नरानं उंच फेकलं तेव्हा मला वाटलं, अक्षता. झालं. मी पान पुढ्यात ओढलं आणि लिहायला बसले.

काय लिहिलं म्हणून सांगू. "आमच्या ग्रामीच्या तडागतीरी" अशी सुरुवात होती. तडाग हा शब्द मी चौथीच्या पुस्तकात वाचला होता आणि तो वापरायच्या संधीची वाट पाहत होते. वधू लज्जेने मान वेळावते. वर शुभ्र पंखांचा शेला सावरतो. मंडूक वाद्ये वाजवतात. शाई त्या कागदावर पसरायची म्हणून अक्षर मोठं काढावं लागे, आणि लग्न काही आटपेना. खाली दोन बोटं जागा मी मावशीसाठी राखून ठेवली होती, हे खरं सांगते. पण वऱ्हाडाची पंगत बसायची राहिली होती. बगळे आणि पाणकावळे ताटकळत बसलेत, त्यांना असं उपाशी कसं पाठवायचं? ती दोन बोटं पंगतीला गेली.

मी स्वतःला सांगितलं, मावशीचं पुढच्या अंकात. मृगाला अजून वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल जुंपत होते तेव्हा मावशी आली. म्हणाली, "वाचून दाखव, पाहू दे कसं लिवलंस."

मी त्याच क्षणी बोलू शकले असते. गाडी जागेवर होती. मावशी मला फार तर चार शिव्या देती आणि पंगत खोडून तिची ओळ बसली असती. पण मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त म्हणजे पंगत खोडवेना. मी कागद तिच्यासमोर धरला आणि वाचलं. माझं बोट बेडकांच्या वाजंत्रीवरून पुढे सरकत होतं आणि तोंडातून निघत होतं, "पऱ्हे टाकाच्या आधी घरी ये. काम हाये."

मावशी कागदाकडे पाहत राहिली.

"एवढ्याशासाठी एवढं मोठं लिवा लागते?"

"शुद्ध भाषेत लिहिलं की जागा जास्त लागते," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. ओळींवरून तिनं हात फिरवला, शेवटच्या ओळी मी नुकत्याच गिरवल्या होत्या, त्यांची ओली शाई बोटाला लागली. ते बोट तिनं लुगड्याला पुसलं नाही, तसंच घेऊन घरी गेली. गाडी निघाली.

त्यानंतर संपादकांना हिवताप धरला. आमच्याकडे त्या दिवसांत हिवताप कुणाला सोडत नसे. जेठ महिना लागला, अंक नाही. मी वाट पाहायला लागले. पहिल्यांदा माझं सारसांचं लग्न छापून येईल म्हणून, आणि मग हळूहळू, कोरं पान हवं म्हणून. पान नाही तर लिहू कशावर?

मावशी येता-जाता विचारायची. "कागद पोचला असन ना, सूनबाई?"

"पोचला असेल, मावशी."

"मंग येते आता तो."

एक दिवस तिचा भाऊ आला. मी तेव्हा त्यांच्याच ओट्यावर होते, लेकराची वेणी घालून देत होते. भाऊ म्हणाला, "बाई, मी जाऊन पाहतो खानीवर. दोन-चार खानी फिरलो का सापडते तो."

"कायले खरच करतेस गाडीचा?" मावशी म्हणाली. "कागदात लिवलं हाये. सूनबाईनं लिवलं. मले वाचून बी दाखवलं." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. होय म्हणून.

भाऊ दुसऱ्या दिवशी आपल्या गावी परत गेला. सारसांचं लग्न हा मूर्खपणा होता. त्या वयात माणूस मूर्ख असतो, मी जरा जास्त होते. पण हे मान हलवणं मूर्खपणा नव्हता. तेव्हा मला सगळं माहीत होतं. अजूनही पदर सारखा करताना मान जराशी हलली तरी मला तो ओटा आठवतो.

मृग आला. पाऊस झाला. ज्याच्या त्याच्या बांधीच्या कोपऱ्यात पऱ्हे पडले. दिवाणजी घोड्यावरून आला, मावशीच्या दारात थांबला, आत डोकावला आणि गेला. बांधी दुसऱ्याला दिली. तो दुसरा म्हणजे आमचे मामंजी. त्यात नवल काही नव्हतं, बांधी आमच्या वावराला लागून होती आणि आमच्या घरी गडी होते. मामंजींनी ती मागितली नव्हती, पण मिळाल्यावर नको म्हटलं नाही. सासूबाईंनी त्या दिवशी गुळाचा सांजा केला. मी ताटावर बसले. सांजा नको होता, पण बाजूला ठेवला तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून सगळा खाल्ला. वर मागूनही घेतला, कुणाला शंका नको.

आषाढात संपादक उठून बसले आणि अंक आला. माझी बातमी छापून आली होती. वर काळी रेघ, खाली काळी रेघ. मामंजींनी ओसरीवर चार माणसं बसवून मला ती वाचायला लावली. तडाग काढून संपादकांनी तलाव केला होता. मंगलाष्टकं एका वाक्यात आटोपली होती. आणि पंगत पूर्ण कापून टाकली होती.

"बापा, सूनबाई तर अमेरिकेले जाते आता," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी समोरच्या घराकडे न पाहता हसले.

चौथं पान पुन्हा कोरं होतंच. पण आता त्यावर काय लिहायचं, हे मला सुचत नव्हतं. मी अंक घडी करून शिक्यावर ठेवला.

त्याच आठवड्यात मुरमुरेवाला स्वतः गावात आला. पावसाळ्यात त्याचा धंदा बसायचा, म्हणून मुरमुऱ्यांसाठी जुनं धान विकत घ्यायला तो खेडोपाडी फिरायचा. गोंदियाचा माणूस, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मामंजींनी त्याला ओसरीवर बसवलं. खाणीवरून माणूस आला म्हटल्यावर मावशी रस्ता ओलांडून आलीच.

"माह्या मानसाले पाह्यलंस काय, भाऊ?"

"हां हां, देखा ना. एकदम मजे में है." मुरमुरेवाल्यानं पाण्याचा गडू खाली ठेवला. "वो तुमच्या गावचा सारसवाला कागद होता ना, तो ठेलेवाल्यानं दो बार पढा. तुझा आदमी तर हसून हसून रडला. म्हणला, गावात एवढी मजा चालली, तर घाई काय करायची? आता मंडईलाच जातो."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा.

मावशी म्हणाली, "आन् माह्यं?"

"तुझं काय?"

"माह्यं लिवलं होतं ना त्याच्यात. पऱ्हे टाकाच्या आधी घरी ये म्हनून."

"नहीं बाई. वैसा तो कुछ नहीं था. पूरे पन्ने पे सारसच सारस."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आधी नुसतंच पाहिलं, माणूस वाट चुकल्यावर आजूबाजूला पाहतो तसं. मग तिनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग उठली आणि रस्ता ओलांडून घरी गेली. ओढलेलं दार आमच्यापर्यंत ऐकू आलं.

सासूबाई मला आत घेऊन गेल्या. "वाचून काय दाखवलं होतंस तू तिले?"

मी सांगितलं. सासूबाई चुलीपाशी खाली बसल्या. माझ्यावर त्या रोज ओरडायच्या, त्या दिवशी ओरडल्या नाहीत.

"लोकं म्हन्तील, बांधीसाठी केलं या घरानं," त्या म्हणाल्या. "आन् आपन काय सांगावं? का आमची सून बह्याड हाये, चिमन्यापाखरायचे लगन लावते?"

संध्याकाळी मी मामंजींपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, बांधी परत देता येईल का? बांधी दिवाणजीनं दिली होती, ती मावशीला देणं आमच्या हातात नव्हतं. आम्ही सोडली असती तर तिसऱ्याला गेली असती. हे त्यांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, आणि शेवटी म्हणाले, "तिचा गडी आला का मी सोता जाईन दिवाणजीकडे. पुढच्या सालचं पाहू." ते गेलेही पुढे. पण ते साल गेलं ते गेलं. त्या सालचा भात आमच्या घरी शिजला, आणि मला तोवर भात शिजवायला यायला लागला होता.

रोवणा सुरू झाला. रोवणा म्हणजे बाया रांगेनं वाकून, गुडघाभर चिखलात, उपटलेली रोपं बांधीभर लावत जातात. गावातल्या सगळ्या बाया मजुरीला येतात. आमच्या रांगेत मावशीही आली. तिच्याच बांधीत, आमच्या मजुरीवर. यायला नको होतं असं मला वाटलं, आणि लगेच हेही कळलं की नको असं वाटणं माझ्या सोयीचं होतं. तिला घरी दोन लेकरं होती.

दुपारची न्याहारी घेऊन मी बांधावर गेले. टोपलीच्या तळाशी, भाताच्या गठोड्याखाली, घडी केलेला अंक होता. बाया गाणं म्हणत होत्या. मला पाहून एकेक थांबत गेली. मग एक म्हणाली, "आल्या, सारसवाल्या आल्या." दुसरीनं तोंडाला पदर लावला. गाव लहान असलं की कुणालाच काही सांगावं लागत नाही. मावशी थांबली नाही. तिची मूठ चिखलात जात होती, वर येत होती.

मी लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरले. फुलचूरची मी, बांधीत पहिल्यांदाच पाय घातला होता. दोन पावलांत पडले, हात कोपरापर्यंत रुतला. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. तशीच उठून मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"मावशी," मी म्हणाले, "माझं चुकलं. मी खोटं वाचलं."

ती रोपं लावत मागे सरकली. मीही सरकले.

"नवा अंक आला आहे. पान कोरं आहे. उद्या गाडी जाते गोंदियाला. मी लिहिते, बांधी गेली, लगेच ये. दुसरं काही लिहीत नाही. मोठ्या अक्षरात, पूर्ण पानभर. आणि वाचून सासूबाई दाखवतील, त्यांना अक्षर लागतं थोडं. मी नाही वाचत."

तिच्या हातातली रोपं संपली. तिनं वाकल्या-वाकल्याच मागे हात केला. मला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि मी मागच्या जुडीतली मूठभर रोपं तिच्या हातात दिली. ती तिनं लावली. पुन्हा हात मागे केला, मी पुन्हा दिली. असं बांधीच्या अर्ध्यापर्यंत आम्ही गेलो. बाकीच्या बाया न्याहारीला बांधावर चढल्या होत्या. मला वाटायला लागलं की ती आता माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि असंच असायला हवं.

मग ती उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ सरळ केली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"बांधी गेली थे नको लिवू. चाहाच्या ठेल्यावर चार गावचे लोक बसतेत, त्याइच्यासमोर त्यानं थे कायले आयकावं? थे मी सांगतो त्याले, घरी आल्यावर, त्याचं जेवन झाल्यावर. तू लिव का लेकरं बरी हायेत, घरी सारं बरं हाये, मंडईले सावकाश ये. आन् या खेपेस मी सांगतो तेवढंच लिवजो."